टोकं वरच्या बाजूला

बाणांचा भाता खाली रुंद आणि वर अरुंद असतो, ही गोष्ट एर्मेते बोंचारेल्लीने रोक्काबुइया गावातल्या प्रत्येक माणसाला निदान एकदा तरी सांगितली होती, आणि त्यांतल्या एकानेही त्याला ती विचारली नव्हती.

आडधनुष्य, म्हणजे खटका दाबून आखूड बाण सोडायचं धनुष्य, चालवणाऱ्यांच्या गावच्या मंडळात त्या वसंतात एक जागा रिकामी झाली होती. म्हाताऱ्या ओरेस्तेला निशाणा कुठला आणि निशाण्याशेजारचा ढोलवाला कुठला, हे कळेनासं झालं. ढोलवाल्याने राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा मंडळाने ओरेस्तेला पितळी तबकडी देऊन सन्मानाने घरी बसवलं आणि राखीव यादीत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या एर्मेतेला नेमबाजांच्या रांगेत घेतलं. सप्टेंबरातल्या सणाच्या रविवारी, चौकात, सगळ्या गावासमोर त्या रांगेत उभं राहायचं! लग्नाची वाटसुद्धा एर्मेतेने इतकी पाहिली नव्हती, असं त्याची बायको फियोरेन्झा म्हणे, आणि त्या बाबतीत तिचा शब्द प्रमाण मानायला हरकत नव्हती.

अट एकच होती. अंगावरची प्रत्येक वस्तू जुन्या काळातली हवी, आणि तसा पुरावा हवा. एकतर ती त्या काळच्या चित्रात दिसली पाहिजे, नाहीतर कुठल्यातरी संग्रहालयात तिचा अस्सल नमुना टिकलेला पाहिजे. हे ठरवायला वेशभूषा समिती होती. समिती म्हणजे वकील तार्क्वीनी आणि त्यांच्याशी सहमत असलेले दोघे.

"सगळ्यांनी घेतलंय तसलं चामड्याचं नळकांडं घे ना विकत," फियोरेन्झा म्हणाली.

"सगळ्यांचं चुकीचं आहे."

"सगळ्यांचं एकसारखं चुकीचं असलं की दिसत नाही, एर्मे."

एर्मेतेचा धंदा जमीनमोजणीचा. मोजणी करणाऱ्या माणसाचं दुर्दैव असं, की भिंत वाकडी आहे हे त्याला लांबून दिसतं, आणि ज्याची भिंत असते त्याला ते ऐकायचं नसतं. मंडळातले लोक आखूड बाण नळकांड्यात टोकं खाली, पिसं वर अशा पद्धतीने खोचत. रंगाऱ्याच्या डब्यात कुंचले ठेवतात तसे. पण आल्प्सपलीकडच्या एका संग्रहालयात एर्मेतेने पाचशे वर्षांपूर्वीचे खरे भाते काचेमागे पाहिले होते. लाकडाचा चपटा पेटारा, त्यावर रानडुकराचं केसाळ कातडं, खाली रुंद, वर निमुळता. कारण बाणाची पिसांकडची बाजू जाड असते, ती खाली पसरते, दबत नाही. आणि पोलादी टोकं वर येतात. इतकं साधं. भूमितीचा प्रश्न. यात मतभेदाला जागा कुठे आहे, हे एर्मेतेला खरोखरच कळत नव्हतं.

त्याने मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा नाझारेनो शिकारी. शेतं उकरणारी रानडुकरं मारायची परवानगी उन्हाळ्यातही असते, त्यामुळे जुलैतल्या एका दुपारी तो समुद्रावर न्यायच्या टॉवेलात गुंडाळलेलं कातडं घेऊन दारात हजर झाला. एर्मेतेने टॉवेल उलगडला. आत डुक्कर अजून बरंचसं शिल्लक होतं.

"याचा पशुवैद्याकडचा कागद आहे का?" एर्मेतेने विचारलं.

"डुकराकडे होता," नाझारेनो म्हणाला, "पण पळताना पडला कुठेतरी."

कातडं कमवायला मीठ, तुरटी आणि एक मोठं भांडं लागतं. घरात मोठं भांडं एकच होतं, आणि त्यात फियोरेन्झा रोज आंघोळ करत असे. तिने काही वाद घातला नाही. तिने साबण, टॉवेल आणि केस वाळवायचं यंत्र एका पिशवीत भरलं आणि ती रोज संध्याकाळी बहिणीकडे आंघोळीला जाऊ लागली. जाताना वाटेत भेटेल त्याला ती कुठे चालली आहे आणि का, हे तपशीलवार सांगे. भांडण परवडलं असतं.

वासाबद्दल एक शास्त्रीय गोष्ट नोंदवली पाहिजे. गरम हवा वर जाते. म्हणजे पहिली तक्रार वरच्या मजल्यावरून यायला हवी होती. ती आली खालच्या मजल्यावरून, सिन्योरा अर्जियाकडून. एर्मेतेने तिला हे समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि इमारतीची सभा बोलावली.

सभेत आधी उपाय आले. कुणी व्हिनेगर सुचवलं, कुणी राख, कुणी कॉफीचा चोथा. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना वासाने त्यांच्या गावच्या भाजलेल्या डुकराची आठवण आली आणि ते बडीशेप किती घालावी यावर बराच वेळ बोलले. मग इमारतीच्या व्यवस्थापकाने नियम वाचला : इमारतीत परवानगीशिवाय प्राणी ठेवता येणार नाही.

"हा प्राणी नाही," एर्मेते म्हणाला, "हे साहित्य आहे."

"केस आहेत ना त्याला?" सिन्योरा अर्जिया म्हणाली.

"केस तुमच्या कोटालाही आहेत, सिन्योरा."

"माझा कोट माझ्या छतातून गळत नाही!"

हा मुद्दा नवीन होता. तिच्या छतावर म्हणे तपकिरी डाग पडला होता. सगळी सभा उठून डाग बघायला खाली गेली. डाग होता. सभेतल्या बहुतेकांना त्यात डुकराचा आकारही दिसला. एका बाईंना शेपटीसुद्धा दिसली. एर्मेतेने खिशातली टेप काढली, भिंतीपासूनचं अंतर घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की त्याचा टब हिच्या स्वयंपाकघरावर येतो आणि डाग झोपायच्या खोलीत आहे.

"पाणी आडवं चालत नाही, सिन्योरा."

"तुमच्या घरचं काय वाट्टेल ते करू शकतं!"

ठराव झाला : सिन्योरा अर्जियाचं छत एर्मेते बोंचारेल्लीने स्वतः रंगवून द्यावं. विरोधात एकच मत पडलं. फियोरेन्झा तटस्थ राहिली. तिचे केस अजून ओले होते.

एर्मेतेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भाता मात्र तयार झाला. आणि चांगला झाला! पॉपलरची पातळ फळी, त्यावर सुकलेलं काळंभोर कातडं, केस खालच्या दिशेने, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जावं. तो घेऊन एर्मेते समितीपुढे उभा राहिला, सोबत आल्प्सपलीकडच्या काचेमागचे फोटो.

वकील तार्क्वीनींनी फोटो चष्म्याच्या वरून पाहिले, मग चष्म्यातून पाहिले.

"हे जर्मनांचं आहे."

"हो, पण—"

"जर्मनांनी रोक्काबुइयाला कधी काय दिलंय, सर्व्हेअरसाहेब?"

"बाहेर लावलेली तुमची गाडी," एर्मेते म्हणाला. आपण बरोबर बोललो की फायद्याचं बोललो, हा फरक त्याला नेहमीच बोलून झाल्यावर कळे.

वकीलसाहेबांनी फोटो परत सरकवले. "आपल्या गावातला पुरावा आणा. तोवर रांगेतलं तुमचं नाव शिसपेन्सिलीने लिहिलेलं राहील." खिडकीत त्यांचा जावई सामुएले सफरचंद खात उभा होता. राखीव यादीत आता सगळ्यांत वर तोच होता. त्याने सासऱ्याकडे पाहिलं नाही, इतकं त्याचं लक्ष होतं.

आता, रोक्काबुइयात आडधनुष्याचं जुनं चित्र एकच. सान ब्याजोच्या चर्चमधलं भित्तिचित्र. संत सेबास्तियानो झाडाला बांधलेला आहे आणि नेमबाज त्याच्यावर बाण सोडताहेत. हाच संत आडधनुष्य मंडळाचा आश्रयदाता. बाण खाणाऱ्याला बाण मारणाऱ्यांनी आश्रयदाता का करावं, हा प्रश्न गावात कुणाला पडत नाही. चित्रात उजवीकडचा एक नेमबाज वाकून धनुष्य ताणतो आहे : एक पाय धनुष्याच्या पुढच्या लोखंडी कडीत, म्हणजे रिकिबीत, कमरपट्ट्याचा आकडा दोरीत अडकवलेला, आता कंबर सरळ केली की दोरी ओढली जाणार. त्याचा भाता अर्थातच कमरेला असणार. आणि कमरेपासून खाली होतं अक्रोडाच्या लाकडाचं, कोरीव कामाने लगडलेलं, पापं कबूल करायचं भलंमोठं कपाट, भिंतीला चिकटवून उभं केलेलं.

"हलवूया ना थोडं," एर्मेते म्हणाला.

"हलवूया हं," फादर क्विरीनो म्हणाले. "फक्त वारसा खात्याची परवानगी आण. मागे मी त्यावर एक खिळा मारला होता, तर दोन माणसं खिळा बघायला आली."

एर्मेतेने जिल्ह्याच्या गावी वारसा खात्यात फोन लावला. कपाट हलवायचं असेल तर लाकडी सामानाचा विभाग, भिंत बघायची असेल तर चित्रांचा विभाग, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

"मला दोन्हींच्या मधली फट बघायची आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "फट कुणाकडे येते ते बघावं लागेल. ऑगस्ट सरला की फोन करा."

ऑगस्ट सरला की सणाला किती वेळ उरतो, हे ऑगस्टमध्ये कुठल्याही कचेरीत सांगून उपयोग नसतो, कारण ऑगस्टमध्ये कुठल्याही कचेरीत कुणी नसतं. ती बाई बहुधा चुकून राहिली होती.

शेवटी वाट फादर क्विरीनोंनीच दाखवली. कपाट हलवायला बंदी आहे, आत बसायला नाही. आणि फादर बसतात त्या मधल्या कप्प्याच्या पाठीमागच्या फळीतली एक गाठ गळून भोक पडलेलं आहे. "मी टोमॅटोंना पाणी घालायला चाललो," ते म्हणाले. "मला काही माहीत नाही."

तुंबलेल्या नळात सोडायचा लवचीक कॅमेरा एर्मेतेकडे होता. तो कप्प्यात शिरला, पडदा ओढला, भोकातून वायर आत सारली आणि मोबाईलवर बघू लागला. आधी कोळिष्टकं दिसली, मग एक मेणबत्तीचं टोक, मग रंगवलेला गुडघा. तेवढ्यात बाजूच्या जाळीपलीकडे गुडघे टेकल्याचा आवाज आला.

"फादर," सिन्योरा अर्जिया म्हणाली, "मी खोटं बोलले."

एर्मेतेने मोबाईल छातीशी उलटा धरला.

"तो छतावरचा डाग ना, फादर, जुना आहे. नवरा होता तेव्हापासूनचा. पण छत रंगवायचंच होतं, आणि वर तो वेडा डुक्कर भिजवून बसलाय, तर म्हटलं... फादर, सर्दी झालीय का तुम्हाला? बोलत का नाही?"

"सिन्योरा," एर्मेते कष्टाने म्हणाला, "मी आहे. वरचा."



"तुम्ही तिथे काय करताय?"

"भाता शोधतोय."

"बाहेर जाऊन हे कुणाला सांगायचं नाही! इथलं इथेच राहतं, तुम्ही फादर असा नाहीतर कुणीही असा!"

"पण मग तक्रार तरी मागे घ्या!"

"मागे घेतली तर लोक विचारतील का घेतली. ती राहू दे. आणि माझं ऐकलंत, तर आता तुमचंही एक सांगा. फिट्टंफाट."

"माझं काही पाप नाही."

"एर्मेते!"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मला नेहमी वाटतं, की माझंच बरोबर आहे."

"ते पाप नाही, आजार आहे," सिन्योरा अर्जिया म्हणाली आणि क्रॉसची खूण करून निघून गेली.

एर्मेतेला रडावं की किंचाळावं कळेना. त्याने मोबाईलकडे पाहिलं, आणि दोन्ही विसरला. पडद्यावर भाता होता. खाली रुंद, वर निमुळता. चित्रकाराने बारीक कुंचल्याने एकेक केस काढला होता. आणि वरच्या काठातून करड्या रंगाची टोकं डोकावत होती. वर. टोकं वर!

समितीची बैठक त्याच आठवड्यात झाली. वकील तार्क्वीनींनी मोबाईल हातात घेतला, चित्र मोठं केलं, लहान केलं, आणि मान हलवली.

"भाता आहे. मान्य. पण हा माणूस कोण आहे?"

"नेमबाज आहे."

"हा आपल्या संताचा मारेकरी आहे, सर्व्हेअरसाहेब. संताच्या सणाला, संताच्या मूर्तीपुढे, त्याच्या खुन्याचा भाता लटकवून तुम्ही उभे राहणार?" सहमत असलेल्या दोघांनी जिभा चावल्या. सामुएले खिडकीतून एक पाऊल आत आला.

एर्मेते आयुष्यात फारसा ओरडलेला नव्हता. त्यामुळे आवाज कुठून सुरू करावा हे त्याला कळलं नाही आणि तो एकदम वरच्या पट्टीत लागला.

"मग त्या चित्रात आडधनुष्य आहे कुणाकडे? संताकडे? संताकडे फक्त बाण आहेत, आणि ते त्याच्या अंगात आहेत! आणि वकीलसाहेब, सणाला तुम्ही जी एक पाय तांबडा, एक पाय पिवळा अशी तंग विजार घालता, ती कुणाची आहे? डावीकडून पहिल्याची! तो संताच्या बेंबीवर नेम धरून उभा आहे! ही टोपी कुणाची? त्याच्या मागच्याची! तो हसतोय! अख्खं मंडळ साठ वर्षं मारेकऱ्यांचे कपडे शिवून घेतंय, तेव्हा खून दिसला नाही, आणि माझा भाता आला तेव्हा दिसला?"

सहमत असलेल्यांपैकी एकाने टेबलाखाली हळूच आपले गुडघे बघितले. गावातल्या शंभर घरांत, कपाटांत, कापराच्या गोळ्यांमध्ये त्या विजारी टांगलेल्या होत्या. त्या रद्द म्हणजे सण रद्द.

पण वकील म्हणजे वकील. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चित्रकाराने ती माणसं कुठून आणली असतील? याच गावातून. चौकातून बोलावून, उभी करून काढली. म्हणजे ते मारेकरी नव्हेत. ते रोक्काबुइयाचे प्रतिष्ठित नागरिक आहेत, चित्रकारासाठी थोडा वेळ उभे राहिलेले."

"म्हणजे भाता मंजूर?"

"मंजूर. चित्रात आहे तसाच. टोकं वर. आणि हे केस बघा, चित्रात वरच्या दिशेने आहेत."

"चित्रकार चुकलाय! पाऊस आत जाईल!"

"पुरावा तुमचा आहे, सर्व्हेअरसाहेब. आणि भाता बांधायचाही तिथेच जिथे चित्रात बांधलाय. पुढे, उजव्या बरगडीखाली. बोटभरसुद्धा इकडे तिकडे नाही. मोजायला तुम्हाला येतंच."

भाता तिथे बांधला होता, कारण चित्रकाराला तो लोकांना दिसायला हवा होता. खऱ्या नेमबाजाने तो कुल्ल्यावर, मागे कललेला लावला असता, हे एर्मेतेला पक्कं ठाऊक होतं. पण तोंड उघडलं तर शिसपेन्सिलीतलं नाव पुसलं गेलं असतं. त्याने केस उलटे चिकटवले. चिकटवताना तो मोठ्याने बोलत होता आणि खाली सिन्योरा अर्जिया, नव्याने रंगवलेल्या छताखाली, सगळं ऐकत होती.

सणाच्या रविवारी चौक माणसांनी फुलून गेला होता. ढोल वाजले, संताची मूर्ती आली, बिशप आले, आणि रांगेत, तांबडी-पिवळी विजार घालून, पुढे काळा केसाळ भाता बांधून एर्मेते उभा राहिला. फियोरेन्झा पहिल्या ओळीत होती. तिने कुणालातरी सांगितलं, "तो माझा. केसांवाला."

प्रत्येकाला तीन बाण. एर्मेतेची पाळी आली. त्याने पहिला बाण भात्यातून काढून दातांत धरला, रिकिबीत पाय घातला, दोरीत आकडा अडकवायला वाकला, आणि भात्यातल्या उरलेल्या दोन पोलादी टोकांनी त्याच्या बरगडीखाली नेमक्या जागी प्रवेश केला.

"ऊ!" एर्मेते म्हणाला. बाण दातांतून पडला. त्याने तो उचलला, म्हणजे पुन्हा वाकला. "ऊ!" मग कंबर सरळ केली, दोरी ओढली गेली, नेम धरला, खटका दाबला. बाण निशाण्याच्या लाकडात रुतला. मध्यभागी नव्हे, पण लाकडात.

दुसऱ्या बाणाला तो वाकला तेव्हा अर्धा चौक त्याच्यासोबत "ऊ!" म्हणाला. पिवळ्या पायावर तांबडा ओघळ उतरू लागला होता. तांबड्या पायावर उतरला असता तर कुणाला कळलंही नसतं.

वकील तार्क्वीनी पंचांच्या खुर्चीतून उठून आले. त्यांच्यामागे सामुएले, धनुष्य खांद्यावर.

"सर्व्हेअरसाहेब, मैदानात कुणी जखमी झालं तर राखीव उभा राहतो. नियम आहे." ते गोड आवाजात म्हणाले. "टोचतंय का?"

एर्मेतेने आयुष्यात एकाही शेताच्या मापात वीतभर इकडे तिकडे केलं नव्हतं. त्याने ओघळाकडे पाहिलं, सामुएलेकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "फार सोयीचा आहे."

"हे रक्त?"

"रंग आहे!" पहिल्या ओळीतून फियोरेन्झा ओरडली. "स्वस्तातला रंग आहे, घामाने उतरतो! मी उन्हाळाभर बहिणीकडे आंघोळ केलीय, वकीलसाहेब, तो तिसरा बाण मारल्याशिवाय तिथून हलणार नाही!"

"रंगच आहे," मागून सिन्योरा अर्जिया म्हणाली. "डाग मला कळतात."

एर्मेतेने शेवटचा बाण काढून दातांत धरला. भाता रिकामा झाला. आता टोचायला आत काही नव्हतं, पण जखम होती तिथेच होती. तो वाकला. सगळा चौक ओठांचा चंबू करून थांबला. एर्मेतेच्या तोंडून चकार शब्द आला नाही. तो सरळ झाला, नेम धरला, आणि सोडला.

तो खालून तिसरा आला. सामुएलेला रांगेत उभं राहायला मिळालं नाही.

संध्याकाळी डॉक्टरने टाके घातले आणि वाकायचं नाही, बसायचं नाही अशी ताकीद दिली. फियोरेन्झाने टेबलावर पास्ता वाढला आणि खुर्ची ओढली.

"आता घरात कुणी नाही. खरं सांग. टोचत होतं ना?"

"मुळीच नाही," एर्मेते म्हणाला. त्याने ताट उचलून हनुवटीपाशी धरलं आणि उभ्याउभ्याच जेवायला सुरुवात केली.